हापूसचा रंग वेक्टरमध्ये कसा उतरवायचा? (मेश ग्रेडियंट, इंकस्केप, छपाई)

कुंचला

नमस्कार मंडळी,

माझी मावशी देवगडजवळ घरगुती आमरस डबाबंद करून विकते. यंदा लेबल मी करून द्यायचं कबूल केलं आहे. मावशीला लेबलवर बाकी काही नको, एक पिकलेला हापूस हवा. "बघितल्याबरोबर वास आला पाहिजे," एवढीच तिची अट. हेच चित्र छोट्या डब्यावर लागणार, पेटीवर मोठं लागणार आणि पुढेमागे टेम्पोच्या बाजूलाही. म्हणून वेक्टरच करायचं ठरवलं, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या हिशेबाने काढलेलं, कितीही मोठं केलं तरी न फुटणारं चित्र. त्यासाठी मी इंकस्केप हा प्रोग्राम वापरते.

बाह्यरेषा दहा मिनिटांत झाली. रंगाला मात्र दोन आठवडे गेले आणि अजून मन भरत नाही.

लिनियर ग्रेडियंट (सरळ एका दिशेने बदलत जाणारा रंग) दिला की आंबा पत्र्याच्या पिंपासारखा दिसतो. रेडियल (मधून बाहेर पसरणारा) दिला की रबरी चेंडू. खऱ्या आंब्याचा रंग एका दिशेने बदलतच नाही. देठाजवळ खांद्यावर उन्हाची लाली, तिथून उतरत केशरी, पोटावर सोनेरी पिवळा, खाली टोकाशी अजून हिरव्याची झाक. आणि या सगळ्यावर उजेड-सावली पडते ती आणखी वेगळ्या दिशेने.

मग एका व्हिडिओत पाहून दुसरा मार्ग धरला. लाल, केशरी, हिरवी अशी सात-आठ ठिगळं काढली, प्रत्येक ब्लर (धूसर) केलं आणि सगळी आंब्याच्या आकारात क्लिप केली. पडद्यावर फार सुंदर दिसलं. पीडीएफ करून पाठवली, तर छापखान्यातून फोन आला की आंबा फुटतोय. पेटीच्या आकारात मोठं केलं की ठोकळे दिसतात म्हणे.

शेवटी मेश टूल सापडलं, आकारावर रंगांची जाळी टाकणारं. चार ओळी, चार रकाने घेतले, एकेका नोडला, म्हणजे जाळीच्या गाठीला, रंग दिला, आणि पहिल्यांदाच आंबा आंब्यासारखा दिसला. आनंदाने ती एसव्हीजी (वेबवर चालणारी वेक्टर फाइल) मावसभावाला वेबसाइटसाठी पाठवली. त्याच्याकडे देठ दिसतो, पान दिसतं, आंबा गायब!

मेश बरोबर की ब्लर? ब्राउझरमध्ये आंबा का दिसत नाही? आणि छापखान्याला नक्की काय द्यावं? जाणकारांनी कृपया सांगा.

सुरवंट

रुमाल टाकून ठेवतो. मला हाच त्रास कमळाच्या पाकळ्यांना झाला होता.

जुना ऑपरेटर

ताई, आधी छापखान्याचं सांगतो, ते लगेच सुटेल. ब्लर हा फिल्टर आहे. पीडीएफ होताना फिल्टरचं चित्र बनतं, म्हणजे पिक्सेल. किती बारीक बनवायचं ते सेव्ह करतानाच्या खिडकीत विचारतात आणि तिथे आधीपासून ९६ डीपीआय, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल, लिहिलेलं असतं. ते ३०० करा. पेटीच्या मापात करायचं असेल तर चित्र आधी पेटीच्या मापाला मोठं करा, मग ३०० वर काढा. फुटणार नाही.

मी १९९६ पासून डीटीपी करतो, आधी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ, आता घरून. आमच्या लाइनीत ग्रेडियंट हा शब्द फार उशिरा आला. कोरल या चित्रांच्या प्रोग्राममध्ये त्याला फाउंटन फिल म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणायचो. लग्नपत्रिकेवरचा गणपती गोलाईदार दाखवायचा तर ब्लेंड करायचं. बाहेर गडद सोंड, आत फिकी सोंड, मधे ६० पायऱ्या. मशीन इतकं हळू चालायचं की ब्लेंड लावून चहाला जायचो. १९९९ मध्ये कोरल ९ आलं आणि त्यात मेश फिल आलं, तेव्हा शेजारच्या दुकानातले लोक बघायला यायचे. इलस्ट्रेटरवाल्यांकडे ते वर्षभर आधी आलं होतं.

पण मऊ रंगाचा खरा शत्रू म्हणजे पट्ट्या. हे नीट समजून घ्या, कारण मेश केलं तरी ते सुटत नाही. छपाईची फिल्म काढायचं यंत्र २४०० डीपीआयचं (इंचाला २४०० कण) आणि छपाईच्या ठिपक्यांची जाळी १५० लाइनची (इंचाला १५० ठिपके) असेल तर एका ठिपक्याच्या घरात १६ गुणिले १६, म्हणजे २५६ कण बसतात. एका रंगाच्या तेवढ्याच पायऱ्या मिळतात. तेच यंत्र १२०० वर चालवलं तर ८ गुणिले ८, फक्त ६४. एकदा एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलं होतं. आकाश खाली १० टक्के निळं, वर ३० टक्के. २५६ मधल्या २० टक्के म्हणजे जेमतेम ५१ पायऱ्या, आणि पान २८ सेंटीमीटर उंच. भागाकार करा, साडेपाच मिलिमीटरची एक पट्टी येते. छापून आलं तेव्हा आकाश जिन्यासारखं दिसत होतं. संपादक काही बोलले नाहीत, पण ते मुखपृष्ठ मी आजही जपून ठेवलंय, शिकायला.

उपाय एकच, रंगात बारीक दाणा मिसळायचा. नॉइज म्हणतात ते. पट्टीची कड मोडली की डोळ्याला ती दिसत नाही. ही युक्ती काही संगणकाची नाही. रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. त्या छापांवर भिंग ठेवून पाहा. देवीच्या गालावरची गोलाई हजारो हाती टिंबांची आहे, आणि प्रत्येक रंगाचा दगड वेगळा.

वक्ररेषा

जुना ऑपरेटर, तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. १६ गुणिले १६ चं गणित मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

कुंचला, आंबा गायब का होतो ते मी सांगतो. त्यासाठी मेश म्हणजे काय ते आधी.

मेशचं एक घर म्हणजे चार वक्र बाजूंचा तुकडा. बाजू बेझिए वक्राच्या आणि चार कोपऱ्यांना चार रंग. आतल्या प्रत्येक बिंदूला 'तू कोणत्या कोपऱ्यापासून किती लांब' असं विचारायचं आणि त्या प्रमाणात चार रंग मिसळायचे. चार वक्रांवर पृष्ठभाग ताणायची ही पद्धत स्टीव्हन कून्स यांची, एमआयटीमधली. त्यांचा अहवाल १९६७ चा आहे आणि तो वस्तूंचे घाट संगणकावर घडवण्यासाठी लिहिलेला होता. पोस्टस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९९७ मध्ये, ही छटा छपाईच्या भाषेत आली. आज पीडीएफमध्ये शेडिंगचे सात प्रकार आहेत. त्यातला सहावा कून्सच्या तुकड्यांचा, सातवा त्याचाच थोडा मोठा भाऊ.

म्हणजे छपाईच्या बाजूने मेश पंचवीस वर्षांहून जुनी, रुळलेली गोष्ट आहे. तुमचा मेश इंकस्केपमधून पीडीएफमध्ये जातो तेव्हा तो सातव्या प्रकारात लिहिला जातो, पिक्सेल न होता. पेटीवर लावा, टेम्पोवर लावा, फुटणार नाही.

वेबची गोष्ट निराळी. एसव्हीजी २००१ मध्ये प्रमाण झाली तेव्हा तिच्यात दोनच ग्रेडियंट होते, लिनियर आणि रेडियल. एसव्हीजी २ च्या मसुद्यात मेश घातला होता. इंकस्केपच्या लोकांनी त्यासाठी मनापासून काम केलं आणि जानेवारी २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत टूल दिलंही. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी तो उचलला नाही, आणि जे कुणी बनवत नाही ते प्रमाणात ठेवता येत नाही, म्हणून मसुद्यातून मेश काढला गेला. हे वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं.

इंकस्केप फाइलमध्ये एक छोटी जावास्क्रिप्ट घालू शकतं, जी ब्राउझरमध्ये मेश रंगवून देते. फाइल थेट उघडली तर ती चालते. पण वेबपानावर एसव्हीजी चित्र म्हणून लावली की तिच्यातली स्क्रिप्ट ब्राउझर चालू देत नाही, सुरक्षिततेसाठी. मावसभावाकडे बहुतेक हेच झालंय. ब्राउझरला 'मेशग्रेडियंट' हा शब्दच कळत नाही, म्हणून तो काहीच भरत नाही.

कुंचला

वक्ररेषा, जुना ऑपरेटर, दोघांचे मनापासून आभार. म्हणजे छापायला मेश चालतो आणि वेबला नाही. तिथे मी पीएनजी देईन.

आता रंगाचं. खांद्याचा लाल आणि टोकाचा हिरवा यांच्या मधे मी काहीच ठेवलं नाही, तर मधला भाग चिखलासारखा होतो. रंग दोन्ही स्वच्छ आहेत. मग घाण कुठून येते?

वक्ररेषा

हिशेबातून येते. शुद्ध लाल २५५, ०, ० आणि शुद्ध हिरवा ०, २५५, ० यांची सरासरी १२८, १२८, ० येते. पण फाइलमधले आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात. १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा उजेड वाटतो, प्रत्यक्षात पडदा सुमारे एक पंचमांशच देतो. म्हणून मधला पट्टा काळपट. खऱ्या उजेडाची सरासरी काढून परत आकड्यात आणली तर १८८, १८८, ० येतं, चांगला उजळ पिवळा.

एसव्हीजीमध्ये उजेडाच्या हिशेबाने मिसळायची सूचना लिहिता येते, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. डोळ्याला समान वाटतील अशा पायऱ्या देणारी ओकेलॅब नावाची रंगपद्धत ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडली. वेबपानांची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसच्या ग्रेडियंटमध्ये ती आता लिहिता येते. मेशमध्ये मात्र हातानेच करावं लागेल. लाल आणि हिरव्याच्या मधे नोडांची एक ओळ वाढवा आणि तिला पिवळा द्या. निसर्गही तेच करतो ना, हिरव्याचा लाल होताना वाटेत पिवळा लागतोच.

पाटीपेन्सिल

मी चित्रकला शिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना वस्तुचित्र शिकवत आलो. संगणकातलं मला फार कळत नाही, मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय.

तुम्ही चार ओळी, चार रकाने म्हणता. आंबा चौकोनी आहे का? पेन्सिलने छायांकन करताना आम्ही मुलांना सांगतो की हात आकाराबरोबर फिरू दे. आंब्याच्या रेषा देठापासून निघून टोकाशी मिळतात, पृथ्वीच्या रेखावृत्तांसारख्या. आडव्या रेषा पोटाला वळसा घालतात. तुमच्या जाळीच्या रेषा तशा वळवा. मग रंग कमी लागतील.

दुसरं, गोल वस्तूचा सगळ्यात गडद भाग कडेला नसतो. कडेच्या थोडा आत असतो, आणि कडेला टेबलावरून परतलेला उजेड लागतो. कड काळी केली की आंबा कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उजवीकडच्या शेवटच्या ओळीला आतल्या ओळीपेक्षा फिका रंग द्या. एवढं केलंत तरी गोलाई येईल.

आणि नोड जितके कमी तितकं बरं. मुलं खोडरबराने खोडून खोडून छटा मळवतात, तसंच इथेही होत असणार.

सुरवंट

सर, शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. मी कमळाच्या एका पाकळीला ६० नोड केले होते. एक रंग बदलला की शेजारचे तीन बिघडायचे. सगळं पुसून नऊ नोडांवर केलं तेव्हा जमलं.

वक्ररेषा, एक प्रश्न. माझ्या मेशमध्ये घरांच्या सीमेवर उजळ रेघ दिसते. रंग दोन्हीकडे सारखाच आहे, तरी दिसते.

वक्ररेषा

रेघ दोन प्रकारची असू शकते. झूम केल्यावर जाडी तेवढीच राहते की वाढते, ते बघा.

झूमबरोबर वाढत असेल तर ती तुमच्या डोळ्यात आहे. रंग सीमेवर तुटत नाही, पण बदलण्याचा वेग एकदम बदलतो, आणि डोळा तिथे नसलेली रेघ उमटवतो. एर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं, म्हणून त्यांना माख पट्ट्या म्हणतात. मेश टूलच्या पट्टीवर स्मूदिंग कून्सऐवजी बायक्युबिक करा. मग वेगही सीमेपार सलग राहतो.

झूम करूनही केसाएवढीच राहत असेल तर दोष रंगवणाऱ्या प्रोग्रामचा, आणि त्यावर माझे तीन महिने गेले आहेत. आम्ही तिघे मित्र एक छोटा चित्र काढायचा प्रोग्राम लिहितो. त्यात मेश घालायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, दोन रविवारांचं काम. घराचे चार भाग करायचे, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, कोपऱ्यांच्या रंगातला फरक एका पायरीपेक्षा कमी झाला की थांबायचं आणि तेवढा तुकडा सपाट रंगवायचा. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर रंग उमटला आणि सगळ्या आकारावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा.

झालं असं की प्रत्येक तुकड्याची कड आपण मऊ करतो. सीमेवरच्या पिक्सेलचा अर्धा भाग या तुकड्याचा, अर्धा त्या. पहिला तुकडा निम्मा झाकतो, दुसरा उरलेल्याच्या निम्मा, आणि पाव भाग खालचा पांढरा दिसत राहतो. शेवटी आतले तुकडे मऊ न करता भरले आणि फक्त बाहेरच्या आकाराची कड मऊ ठेवली, तेव्हा जाळं गेलं.

मग घडीचा प्रश्न. वापरणाऱ्याने नोड ओढून पलीकडे नेला की घर स्वतःवरच दुमडतं. एकाच ठिकाणी दोन रंग येतात, वर कोणता? पीडीएफमध्ये याचा नियम लिहून ठेवलेला आहे आणि आम्ही तोच घेतला. न घेता आपला वेगळा ठरवला असता तर पडद्यावर एक दिसलं असतं आणि छापून दुसरं.

सगळ्यात जड गेलं ते साठवणं. रंगवणं, नोड ओढणं हे आपल्या हातात असतं. फाइल दुसऱ्याच्या हातात जाते. आपल्या प्रोग्राममध्ये सुंदर दिसणारी छटा दुसरीकडे उघडलीच नाही तर ती त्या माणसाच्या लेखी नाहीच. कुंचलाच्या मावसभावाला आंबा दिसला नाही तसं. आम्ही शेवटी असं केलं की एसव्हीजीत मेशच्या शेजारी एक साधा पर्यायी रंग लिहायचा. तशी सोय प्रमाणातच आहे, संदर्भ कळला नाही तर हा रंग भर असं सांगता येतं. मेश न कळणाऱ्याला निदान सपाट पिवळा आंबा दिसतो, भगदाड दिसत नाही. कुंचला, तुमच्या फाइलमध्येही हे हाताने घालता येईल, एका ओळीचं काम आहे.

टेकडी

मी वेबचंच काम करते, म्हणून थोडं वेगळं मत मांडते. वेबवर मेश नाही म्हणून लगेच पीएनजीकडे जायची गरज नाही. आंब्याच्या आकारात एक पिवळा थर भरा. त्यावर पाच-सहा रेडियल ग्रेडियंट ठेवा, खांद्यावर लाल, टोकाला हिरवा, पोटावर उजेड, प्रत्येक कडेला पारदर्शक होत जाणारा. रेडियलला लंबगोल करता येतं, तिरपं करता येतं. हे प्रत्येक ब्राउझर दाखवतो, आणि फाइल अगदी लहान होते.

फक्त एक काळजी घ्या. लाल विरघळवताना दुसऱ्या टोकालाही तोच लाल ठेवा, अपारदर्शकता शून्य करून. तिथे काळा किंवा पांढरा राहिला तर वाटेत राखी धूर येतो. नवीन लोकांची निम्मी 'घाण' मला इथेच सापडते.

वक्ररेषा

टेकडी, वेबपुरतं पूर्ण मान्य. छापायला मात्र मला मेशच आवडतो, कारण पारदर्शक थर जुन्या रिपवर (फाइलचे छपाईचे ठिपके बनवणाऱ्या छापखान्यातल्या प्रोग्रामवर) कधी कधी सपाट करताना बिघडतात. ऑपरेटर दादा सांगतील.

जुना ऑपरेटर

बिघडतात. पाच पारदर्शक थर एकावर एक असले की मी आजही फाइल उघडून आधी नमुना काढतो. आणि ताई, इंकस्केपची पीडीएफ आरजीबी (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) असते, छपाई सीएमवायकेत (निळी, लाल, पिवळी, काळी शाई). पडद्यावरचा झगझगीत केशरी शाईत तसा येत नाही, हे मावशींना आधीच सांगून ठेवा. आंब्याच्या पिवळ्यात काळी शाई अजिबात येऊ देऊ नका. सावली लाल आणि चिमूटभर निळ्यावर काढा. काळा आला की आंबा शिळा दिसतो.

कुंचला

दहा दिवसांनी लिहिते आहे, कारण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

सरांनी सांगितलं तशा जाळीच्या रेषा देठापासून टोकापर्यंत वळवल्या. लाल आणि हिरव्याच्या मधे पिवळ्याची ओळ घातली. उजवीकडची कड फिकी केली, आणि ते केल्याबरोबर आंबा कागदातून वर आला. मी खुर्चीवरून उठून लांबून बघितलं. स्मूदिंग बायक्युबिक, पीडीएफ मेशसकट. छापखान्याने नमुना काढला, पेटीच्या मापातही कुठे फुटत नाही. सावलीतला काळा काढायला त्यांच्याच ऑपरेटरने मदत केली. वेबसाइटवर टेकडीच्या पद्धतीने सहा रेडियल लावले, मावसभावाच्या फोनवर आंबा दिसतो.

नमुन्याचा फोटो टाकते आहे. अजून काही खटकत असेल तर सांगा, छपाई सोमवारी आहे.

पाटीपेन्सिल

छटा फार चांगली झाली आहे. पोटावरचा उजेड तर माझ्या मुलांना दाखवणार आहे.

एकच सांगतो. खालचं टोक इतकं पुढे आलंय की ती चोच झाली आहे. चोच पायरी जातीच्या आंब्याला असते. हापूसचं टोक गोल असतं आणि देठाकडचे खांदे भरलेले असतात. रंग हापूसचा आणि घाट पायरीचा झालाय. देवगडचं कुणीही लगेच ओळखेल.

कुंचला

सर, मावशीने फोटो बघून "काहीतरी वेगळं वाटतंय" म्हटलं होतं, तिला शब्द सापडत नव्हता! आत्ताच बसले. टोकाचे तीन नोड आत घेतले, खांद्याचे दोन वर उचलले. हिरवी झाक नोडांबरोबर आपोआप मागे सरकली, एकही रंग परत द्यावा लागला नाही. दहा मिनिटं लागली. नवी पीडीएफ छापखान्याला पाठवली आणि मावशीलाही. तिचं उत्तर आलं, "आता पेटी उघडल्यासारखं वाटतंय."